सहकुटुंब, सहपरिवार

फणसवाडीत गंगाधर टिपणीसच्या हातात आमंत्रणपत्रिका द्यायला लोक कचरत. तो ती घ्यायचा, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचा आणि देणारा माणूस अजून दारात उभा असतानाच खिशातलं लाल पेन काढायचा. ‘आशीर्वाद’ची वेलांटी चुकली असेल तर ती तिथल्या तिथे दुरुस्त व्हायची. त्याची बायको मीनाक्षी वाडीत नव्याने राहायला आलेल्यांना आधीच सांगून ठेवायची, "यांना पत्रिका देऊ नका हो. तोंडी सांगा. दिलीत तर परत येते, रक्तबंबाळ होऊन."

लोक हसायचे. गंगाधर हसायचा नाही. आमंत्रण ही त्याच्या लेखी हसण्याची गोष्ट नव्हती. पस्तीस वर्षं त्याने गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरं जुळवली होती. आधी शिशाच्या खिळ्यांवरची, उलटी; मग संगणकावरची, ज्यांना हात लावता येत नाही अशी. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांती. माणसं एकमेकांना कुठल्या शब्दांत बोलावतात आणि कुठल्या शब्दांत टाळतात, हे त्याने उलट्या अक्षरांत वाचलं होतं.

‘सहकुटुंब सहपरिवार’ हे दोन शब्द त्याच्या खणात कायम जुळवून, दोऱ्याने बांधून तयार असायचे. रोज लागायचे म्हणून. तरी गिऱ्हाईक समोर बसलं की तो दर वेळी विचारायचा, "ठेवू का?"

मालक रामदासशेठ वैतागायचे. "अरे, ते असतंच. विचारतोस काय?"

"ठेवलं तर पाळावं लागतं, शेठ. एकदा विचार करू दे त्यांना."

एकदा खोताच्या वाडीजवळ राहणारे त्याचे लांबचे काका छापखान्यात आले. मुलाचं लग्न होतं. त्यांना दोन प्रकारच्या पत्रिका हव्या होत्या. कागद तोच, शाई तीच, गणपती तोच. एकीत ‘आपण सहकुटुंब सहपरिवार’ आणि दुसरीत नुसतं ‘आपण’. गंगाधरने दोन्ही जुळवून दिल्या. आठ दिवसांनी काका घरी आले आणि त्यांनी गंगाधरच्या वडिलांच्या हातात ‘आपण’ ठेवलं. वडिलांना फरक कळला नाही. "चला, सगळ्यांनी जायचं," ते म्हणाले. मग पंचवीस वर्षांच्या गंगाधरला, ज्याने तो शब्द स्वतःच्या बोटांनी उचलून बाजूला ठेवला होता, आईला सांगावं लागलं की तुला बोलावलेलं नाही. आईने कपाटातून काढलेली साडी पुन्हा आत ठेवली. त्या दिवसापासून तो असा झाला, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर तो आधीपासून असाच होता. त्या दिवशी त्याला कारण मिळालं एवढंच.

आता तो सत्तरीत आहे. छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात.

त्याची नात नूपुर सात वर्षांची. पहिलीपर्यंत ती वाडीजवळच्या मराठी शाळेत जायची. वर्गात नऊ मुलं उरली तेव्हा मुलगा शंतनु आणि सून मधुरा यांनी तिला परळच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. शंतनुचं ऑफिस तिकडेच. सकाळी तो तिला सोडायचा आणि दुपारी गंगाधर बसने जाऊन आणायचा. जूनपासून जानेवारीपर्यंत त्या वर्गात पंधरा-वीस वाढदिवस झाले. एकाचंही बोलावणं नूपुरला आलं नाही. शनिवार-रविवारी कुठेतरी केक कापले जात आणि सोमवारी मुली त्याबद्दल बोलत.

"आज सगळ्या जणी कालच्या बड्डेचं बोलत होत्या," ती बसमध्ये सांगायची. "मी ऐकलं."

"तू नव्हतीस ना त्या वाढदिवसाला?"

"म्हणून तर ऐकलं."

गंगाधर खिडकीबाहेर बघायचा. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या इमारतींवर त्याचा राग होता, पण तो मोघम राग होता, वर्तमानपत्र वाचून येतो तसा. आता त्या रागाला खोल्या मिळत गेल्या. कुठल्यातरी बाराव्या, कुठल्यातरी तिसाव्या मजल्यावर फुगे लागलेत आणि आपली पोर इथे बसमध्ये बसून ऐकलेला केक सांगतेय.

वाडीत असं नव्हतं, असं तो घरी म्हणायचा. वाडीत ज्याचा वाढदिवस त्याची आई गॅलरीत येऊन एकदाच ओरडायची, आणि जेवढ्या मुलांना ऐकू जायचं तेवढी यायची. एका घरातलं एक मूल बोलावून दुसरं वगळायचं नाही, हा तर कायदा होता. बोलवायची तर सगळी भावंडं. एखाद्याला ताप असेल तर त्याची बशी झाकून घरी जायची.

"आणि कुणी भांडलं असेल तर?" मीनाक्षी विचारायची. "वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोन वर्षं आपल्या शंतनुला बोलावलं नव्हतं, ते विसरलात?"

"ते भांडण होतं. भांडण उघड असतं."

फेब्रुवारीत मधुराच्या फोनवर आमंत्रण आलं. वर्गातल्या अनिशचा सातवा वाढदिवस, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. व्हिडिओ होता. झेंडूचं तोरण हलायचं, सनई वाजायची आणि अक्षरं एकेक करून उमटायची: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. अनिश याचा सातवा वाढदिवस साजरा करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.’ खाली इंग्रजीत परळच्या एका टॉवरच्या क्लबहाउसचा पत्ता, आणि मुलांनी तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घालून यावं, अशी सूचना.

नूपुर तो व्हिडिओ दिवसातून दहा वेळा लावायची. सनई सुरू झाली की चार वर्षांचा विहंग, तिचा धाकटा भाऊ, धावत यायचा आणि दोघं तोरणासारखं हलायची.

गंगाधरने फोन हातात घेतला, चष्मा खाली ओढला. दोनदा वाचलं. लाल पेन खिशातच राहिलं.

"एकही चूक नाही," तो म्हणाला. "घर बरं दिसतंय."

"बाबा, पण विहंगला नाही हं न्यायचं," मधुरा म्हणाली. "हल्ली एक मूल आणि बरोबर एक मोठं माणूस, असं असतं."

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहीत नाहीत. असतं."

"इथे सहकुटुंब लिहिलंय. नुसतं सहकुटुंब नाही, सहपरिवार. आणि वर अगत्य."

"मी विचारते त्याच्या आईला."

"खबरदार. काय विचारणार? तुम्ही लिहिलंय ते खरं का म्हणून? हे म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवणं झालं."

मधुराने दोन दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. धाकट्याला आणू का, असं विचारणं म्हणजे मागितल्यासारखंच, हे तिलाही वाटत होतं. शेवटी तिने ‘नक्की येतो’ एवढंच कळवलं. येतो म्हणजे किती जण, ते तिने लिहिलं नाही आणि समोरून कुणी विचारलं नाही.

शनिवारी शंतनुला ऑफिस होतं. मधुराला आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मीनाक्षीचे गुडघे कुरकुरत होते. गंगाधरने ठिपक्यांच्या मोज्यांचे दोन जोड आणले, इस्त्रीचा सदरा घातला आणि दोन्ही नातवंडांना घेऊन टॅक्सीत बसला. नूपुरच्या मांडीवर भेटवस्तू होती, रंगीत खडूंची मोठी पेटी. तिने स्वतःच्या पेटीतला सोनेरी खडू त्यात जास्तीचा घातला होता, कारण दुकानातल्या पेटीत सोनेरी नसतो.

क्लबहाउसच्या दाराशी टेबल होतं. टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिच्यासमोर यादी आणि कागदी पट्ट्या होत्या, मनगटाला चिकटवायच्या. काचेपलीकडे घसरगुंड्या, जाळ्या, प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेला हौद.

"नाव?"

"नूपुर टिपणीस."

मुलीने यादीवर खूण केली, नूपुरच्या मनगटाला निळी पट्टी लावली. नूपुरने बूट काढले आणि मागे न बघता आत पळाली. गंगाधरने तिला इतकं जोरात पळताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आणि हा?"

"विहंग टिपणीस. तिचा भाऊ."

"लिस्टमध्ये नाहीये, सर."

"बघा नीट."

"नाहीये, सर. वन चाइल्ड, वन अडल्ट आहे."

"आमंत्रण सहकुटुंब आहे."

मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो एखाद्या बंद झालेल्या दुकानाचा पत्ता विचारत होता. तिने आत हात केला. अनिशची आई ऋग्वेदा बाहेर आली. चांगली, हसरी बाई होती. घाईत होती. केसांना कुणाच्यातरी फुग्याची रिबन चिकटली होती.

"नूपुरचे आजोबा ना? या ना, काका. कॉफी घ्या."

"हा आत येऊ शकत नाही म्हणतात."

ऋग्वेदाने खाली पाहिलं. विहंग मोजे घालून तयार उभा होता, काचेला नाक लावून.

"ओह," ती म्हणाली. "काका, ॲक्च्युअली आम्ही नंबर आधीच दिलाय यांना. भावंडांना नाही घेतलंय कुणाच्याच. बाकीच्यांनी विचारलं होतं, त्यांना मी नाही म्हटलं. आता याला घेतलं तर त्यांना वाईट वाटेल ना?"

यात खोटं काही नव्हतं. गंगाधरलाही ते कळलं, आणि कळल्यामुळे तो जास्त चिडला.

"मग लिहिलंत कशाला?"

"काय लिहिलं?"

"सहकुटुंब सहपरिवार."

तिने फोन काढला, व्हिडिओ लावला. सनई वाजली. विहंग काच सोडून तोरणासारखा हलायला लागला.

"अय्या, ते होय!" ऋग्वेदा हसली. मनापासून हसली. "ते टेम्प्लेटमध्येच होतं, काका. मराठी टच हवा होता म्हणून घेतलं. आपण फक्त नाव, तारीख टाकायची. बाकी सगळं तसंच येतं."

"तसंच येतं?"

"हो ना. मी तर ते नीट वाचलंसुद्धा नव्हतं."

गंगाधरचा आवाज चढला. "बाई, माझ्याकडेही तो शब्द तयार असायचा. बांधून ठेवलेला. पण मी प्रत्येकाला विचारायचो, ठेवू का. तुम्ही लोकांना घरी बोलावता आणि काय बोललात ते वाचत नाही? उद्या त्यात लिहून आलं की या आणि लाथा खा, तर तेही पाठवाल?"

"काका, प्लीज. वाढदिवस आहे."

आवाज ऐकून यतीन, अनिशचा बाप, आला. त्याच्या हातात कागदी टोपी होती. "काय झालं? अरे, छोटू राहिला होय? एवढंच ना?" त्याने विहंगच्या डोक्यावर टोपी ठेवली. "काका, टेन्शन घेऊ नका. कोणीतरी दोघं-तिघं येतच नाहीत ऐन वेळी. दहा मिनिटं थांबा. कोणी नाही आलं ना, तर त्याचा बँड लावून याला सोडतो आत. सिंपल."

तो चांगुलपणाने बोलत होता. आपण चांगुलपणा करतोय याचा त्याला आनंदही होत होता.

"म्हणजे माझा नातू वेटिंग लिस्टवर," गंगाधर म्हणाला.

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. कुणाचं तरी पोर आजारी पडावं म्हणून आम्ही इथे दारात उभं राहायचं. कुणाला तरी ताप येऊ दे, म्हणजे याला घसरगुंडी."

"अहो, काय बोलताय!" ऋग्वेदाचा चेहरा उतरला.

"मी लिहिलेलं वाचलं आणि आलो, एवढाच माझा गुन्हा. तुम्ही सगळे न वाचता येता, म्हणून सुखी आहात." आता तो ओरडत होता. कॉफीचे कप हातात धरून उभे असलेले आईबाप वळून बघत होते. कुणीतरी फोनमध्ये बघत असल्याचं सोंग केलं. "नूपुर! नूपुर, बाहेर ये!"

काचेपलीकडे नूपुर चेंडूंच्या हौदात छातीपर्यंत बुडाली होती. तिच्या शेजारी सोनेरी मुकुट घातलेला अनिश होता आणि आणखी दोन मुली. चौघं मिळून कसलातरी किल्ला करत होती. तिने आजोबांकडे पाहिलं. पहिल्यांदा तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

"नूपुर!"

ती आली. हौदातून बाहेर पडायला तिला वेळ लागला. दारात येऊन हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, अजून केक नाही झाला."

"चल."

"केकनंतर जाऊ ना?"

"चल म्हणतो ना!"

ऋग्वेदा पुढे झाली. "काका, हिला राहू द्या. मी घरी सोडते हिला. प्रॉमिस."

"दोघं किंवा कोणीच नाही," गंगाधर म्हणाला. खडूंची पेटी त्याने टेबलावर ठेवली, यादीच्या वर. "आहेर ठेवलाय."

नूपुर रडली नाही. तिने बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच चालत निघाली. विहंग कागदी टोपी घालून मागून आला. टॅक्सीत बसल्यावर त्याने विचारलं, "संपला बड्डे?" मग तोच म्हणाला, "मस्त होता."

संध्याकाळी घरात मधुरा आवाज चढवून बोलली. लग्नाला दहा वर्षं झाली, ती सासऱ्यांशी असं कधी बोलली नव्हती.

"आठ महिने, बाबा. आठ महिने ती पोर त्या वर्गात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पहिलं बोलावणं होतं हे तिला. पहिलं!"

"लिहिलेल्या शब्दाला..."

"तुमचं बरोबर होतं. तुमचं नेहमीच बरोबर असतं. मी सांगते ना, त्यांचंच चुकलं. पण बोलावणं तुम्हाला नव्हतं. तिला होतं. तुम्ही तिचं बोलावणं हातात घेऊन त्याचं प्रूफ वाचलंत."

"विहंगला दारात उभं केलं त्यांनी!"

"विहंगला काय कळलं? तो टोपी घालून झोपलाय. दारातून ओढून कुणाला आणलंत?"

शंतनु टीव्हीसमोर बसून होता. मीनाक्षीने स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हटलं, "पुरे आता. दोघंही." आणि मग, जरा थांबून, "तुम्ही जास्त पुरे."

नूपुरने मनगटावरची निळी पट्टी काढू दिली नाही. रविवारी आंघोळ करतानाही हात बादलीबाहेर ठेवला. गंगाधरशी ती अबोला धरून नव्हती. पाणी देत होती, चष्मा शोधून देत होती. पाहुण्यांशी मूल वागतं तशी नीट वागत होती. त्याला वाटलं, हिने एकदा ओरडावं. ओरडली असती तर त्याला ओरडता आलं असतं.

दिवसभर तो एक वाक्य जुळवत बसला. सोमवारी शाळेच्या दाराशी ऋग्वेदा भेटणार, तिला ते ऐकवायचं होतं. ‘जो शब्द आपण वाचला नाही तो दुसऱ्याला पाठवू नये, मग तो कितीही सुंदर असो.’ त्याने ‘सुंदर’ काढून ‘शोभिवंत’ घातलं. मग ‘कितीही शोभिवंत असो’ सगळंच काढलं. वाक्य आता टोकदार झालं होतं. राग नीट जुळवला की तो सभ्य दिसतो, हे त्याला माहीत होतं.

सोमवारी दुपारी तो वेळेच्या आधी पोचला. फाटकाशी आया उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी शनिवारी कॉफीचे कप धरून उभ्या होत्या. त्याला बघून त्यांनी बोलणं थांबवलं. ऋग्वेदा थोडी पलीकडे होती. तिने त्याला पाहिलं आणि मान वळवली नाही. हेही त्याने मनात नोंदवलं. तो तिच्या दिशेने दोन पावलं गेला. वाक्य जिभेवर होतं.

तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं लोंढ्याने बाहेर आली. नूपुर आली, तिच्यामागे अनिश आणि त्या दोन मुली. गंगाधर तिचं दप्तर घ्यायला वाकला तेव्हा अनिशने तिला सगळ्यांसमोर, मुलं विचारतात तसं खणखणीत आवाजात विचारलं, "तुझे आजोबा सॅटर्डेला एवढे का ओरडत होते? माझी मॉम रडली. तू केक न खाता का गेलीस?"

सगळ्या आया थांबल्या. गंगाधर तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

नूपुरने क्षणभरही विचार केला नाही. बहुधा तिने तो आधीच, रविवारभर, करून ठेवला असावा.

"त्यांच्या पोटात कळ आली होती," ती म्हणाली. "खूप जोरात. त्यांना कळ आली की ते ओरडतात. मग डॉक्टरकडे जावं लागतं. म्हणून मी गेले."

"ओह," अनिश म्हणाला. "माझ्या नानांना पण येते."

"खूप दुखतं?" एका मुलीने विचारलं.

"खूप," नूपुर म्हणाली, आणि तिने मान वर करून आजोबांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. हुकूम होता.

ऋग्वेदा जवळ आली होती. शनिवारी दारात काय झालं ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिने नूपुरकडे पाहिलं, मग गंगाधरकडे. तिलाही संताप होता. तो तिच्या नाकपुड्यांत दिसत होता. पण ती म्हणाली, "आता बरं आहे ना, काका?"

गंगाधर टिपणीसने आयुष्यात एक खोटी वेलांटी जाऊ दिली नव्हती. वाक्य अजून जिभेवर होतं, टोकदार, जुळवून तयार. मुलं त्याच्याकडे बघत होती. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

"बरं आहे," तो म्हणाला.

"जपा," ऋग्वेदा म्हणाली.

"हो."

अनिशने दप्तरातून एक पिशवी काढून नूपुरला दिली. आत पेन्सिली आणि काहीतरी चमकणारं होतं. "तुझं राहिलं होतं. आणि तो गोल्डन क्रेयॉन मस्त आहे." मग ती चौघं किल्ल्याबद्दल बोलू लागली. किल्ला पुढे कुणी पाडला, नूपुर गेल्यावर बुरुजाचं काय झालं. या वेळी नूपुर नुसती ऐकत नव्हती. तिचाच बुरूज होता तो.

दोन मिनिटांनी ती आजोबांचा हात धरून निघाली. गंगाधरच्या पोटात संताप तसाच होता, एक अक्षरही कमी न झालेला. तो आता कुणाला सांगता येणार नव्हता. तो ताठ, भराभर चालत होता.

"आजोबा," नूपुर दबक्या आवाजात म्हणाली, "इतकं ताठ नका ना चालू. ते बघतायत."

त्याने पोटावर हात ठेवला, थोडा वाकला आणि बसस्टॉपपर्यंत तसाच गेला.